मोक्ष कर्माने की कृपेने?

एका वासनिकाने विचारलेल्या प्रश्नाचा यथामती विचार येथे मांडीत आहे. प्रश्न शास्त्रात नवा नाही. परंतु ज्या मुखातून तो आला, त्या मुखामुळे मला त्याकडे पुन्हा पाहावे लागले.

फलटणची चैत्री यात्रा आटोपून नीरा ओलांडली आणि माळेगाव बुद्रुक येथे एका वासनिकाच्या घरी दोन दिवस मुक्काम घडला. घर शेतकऱ्याचे, भोवती उसाचे फड. घरातील वृद्ध गृहस्थ ऐंशी ओलांडलेले. ऐन विशीत उपदेश घेतलेला, आणि तेव्हापासून देवपूजा, नामस्मरण, पर्वकाळी विडा-उपहार, वर्षातून एकदा फलटणला पायी जाऊन स्थानवंदन, यांत खंड पडलेला नाही. कोनाड्यात जुन्या वह्यांची चळत होती. रोज किती गाठी नाम झाले, त्याची नोंद. कारखान्यावर ऊस घातल्याच्या पावत्या ज्या निगुतीने शेतकरी जपतो, त्याच निगुतीने त्या वह्या जपलेल्या होत्या.

सायंकाळी देवपूजेच्या वेळी ते पंचकृष्णांची नामे घेऊ लागले. श्रीकृष्ण चक्रवर्ती महाराज, श्रीदत्तात्रेयप्रभू महाराज, आणि तिसऱ्या नामाशी अडले. फलटण ज्यांचे जन्मस्थान, ज्यांच्यासाठी हा मनुष्य साठ वर्षे नीरा ओलांडीत आला, त्या श्रीचक्रपाणी महाराजांचे नाम त्यांना आठवेना. सूनबाईंनी हळूच सांगितले. त्यांनी म्हटले, पुढे गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून पुन्हा तेथेच अडले. सूनबाई म्हणाल्या, वर्षभर असेच चालले आहे. डॉक्टरांनी स्मृतीचा आजार सांगितला आहे, तो वाढतच जाणार. पूजा आटोपल्यावर वृद्ध गृहस्थ मजजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाबा, साठ वर्षांचं नाम वहीत हाय, पर तोंडात ऱ्हाईना. देव वही बघंल का माझं तोंड बघंल?"

मी त्या रात्री त्यांना काही तरी धीराचे बोललो. पण प्रश्नाला उत्तर दिले असे मला वाटले नाही. कारण या साध्या शब्दांत शास्त्रातील फार मोठा विषय दडलेला आहे. जीवाचा परमेश्वराशी संबंध नीट होतो, तो जीवाने केलेल्या कर्मांच्या बळावर की परमेश्वराच्या कृपेवर? बळ कर्माचे असेल तर वही खरी, आणि आजाराने नाम हिरावले त्या दिवसापासून तो मनुष्य तोट्यात. बळ कृपेचे असेल तर वहीचे काय करावे?

प्रथम कर्माचा विचार करू. आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले. त्यांपैकी देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य, जीव बद्धमुक्त, म्हणजे आज बद्ध असून मुक्त होण्यास योग्य, आणि परमेश्वर एकटाच नित्यमुक्त. हे वर्गीकरण आपण पाठ म्हणून जातो, परंतु त्यातून काय निघते याकडे लक्ष देत नाही. जो स्वतः बांधलेला आहे तो दुसऱ्याची गाठ सोडवू शकत नाही. ८१ कोटी सव्वा लक्ष दहा देवता, त्यांचे नऊ थोवे, कर्मभूमीच्या देवतांपासून थेट चैतन्यमायेपर्यंत. त्या प्रत्येक देवतेपाशी आपापले सुख आहे आणि विहित कर्म करणाऱ्याला ती ते देते. कर्म खोटे आहे, त्याचे फळ मिळत नाही, असे आपले शास्त्र कोठेही म्हणत नाही. उलट फळ मिळते म्हणूनच जीव अडकतो. भोग संपला की त्याने पुन्हा कर्मभूमीवर यावे, पुन्हा करावे, पुन्हा भोगावे. गीतेच्या नवव्या अध्यायात विसाव्या व एकविसाव्या श्लोकांत यज्ञ करून स्वर्ग मिळविणाऱ्यांची हीच गत सांगितली आहे. त्यांना स्वर्ग मिळत नाही असे तेथे म्हटलेले नाही. मिळतो, पुण्य सरते, आणि ते परततात.

माळेगावच्या मंडळींना हे समजावण्यास स्वर्गापर्यंत जावे लागत नाही. दरवर्षी गळिताच्या हंगामात बीड, अहिल्यानगर या बाजूंनी ऊसतोडीच्या टोळ्या तेथे येतात. निघण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, औषधपाण्यात, जुन्या देण्यात खर्च होऊन जाते, आणि मग सबंध हंगाम कोयता चालवून ती फेडायची. काम खरे, घाम खरा, मजुरीही खरी. पण हंगाम संपतो तेव्हा पुष्कळांची उचल अंगावर राहिलेलीच असते, आणि ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत नाव लागते. कष्ट कमी पडले म्हणून हा फेरा सुटत नाही, असे कोणी म्हणेल काय? व्यवहारच असा बांधलेला आहे की अधिक कष्टांनी तो सुटू नये. जीव आणि देवता यांचा व्यवहार असाच आहे. नरक, स्वर्ग आणि कर्मभूमी या तिहींत कर्म जीवाला फिरविते. मोक्ष हे चौथे स्थान त्या हिशेबात येतच नाही. ते नित्यमुक्ताच्या हातचे आहे आणि त्याने द्यावे तेव्हाच मिळते.

येथपर्यंत आपल्यापैकी कोणाचाही मतभेद नसावा. अन्यव्यावृत्ती प्रकरणाचा अभ्यास केलेला कोणीही साधक एवढे सांगेल. अडचण यापुढे आहे.

शंका अशी. देवताभजनाचे कर्म मोक्ष देत नाही हे मान्य. परंतु नामस्मरण, स्थानवंदन, देवपूजा, भिक्षा, अटन, विजन हा तर परमेश्वराने सांगितलेला धर्म आहे. त्याला कर्माच्या पंक्तीला कसे बसवावे? त्या वृद्धाच्या वह्या म्हणजे काही यज्ञयागाच्या पावत्या नव्हेत.

शंका रास्त आहे, आणि घाईने समाधान करू नये. नाम हे देवताकर्म नव्हे, यात संशय नाही. ते ज्याचे आहे तो परमेश्वर आहे. पण नाम घेणारा जो जीव, त्याची सवय अनादी आहे. असंख्य जन्म त्याने दिले आणि घेतले, केले आणि भोगले. उपदेश मिळाला तरी ती सवय एका रात्रीत जात नाही. परमेश्वराच्या दारी येऊनही तो जुन्याच बोलीत बोलतो: इतके दिले, आता इतके द्या. वस्तू परमेश्वराची आणि व्यवहार मात्र देवतेशी करावा तसा, असा हा प्रकार आहे. नामात दोष नाही. नामाचे मोल लावण्यात आहे. सर्वज्ञांनी दास्य शिकविले. दासाने हिशेब ठेवला की त्या दिवसापासून तो मजूर झाला. आणि मजुराला धनी फार तर मजुरी देतो.

मी हे लिहितो आहे ते त्या वृद्ध वासनिकास नावे ठेवण्यासाठी नव्हे. वह्या ठेवण्यास त्यांना आरंभी कोणी तरी आपल्यातलेच सांगितले असणार, आणि नवशिक्या साधकाचे मन चाळवू नये म्हणून गाठीची व संख्येची मर्यादा उपयोगी पडते, हेही खरे. मी स्वतः पहिली काही वर्षे संख्या मोजीत होतो, आणि शेजारच्या भिक्षूची संख्या आपल्यापेक्षा अधिक झाली की मला झोप लागत नसे. स्मरणाची गाठी हातात आणि मत्सर पोटात, असे ते दिवस होते.

आता लीळाचरित्रातील सशाची लीळा पाहू. ती सर्वांच्या परिचयाची आहे. अहिंसेचे उदाहरण म्हणून ती नेहमी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. माझ्या मते तिच्यात उद्धरणाचाही विचार भरलेला आहे. स्वामी आसनस्थ असताना पारध्यांनी उठविलेला एक ससा, मागे कुत्री लागलेली, जिवाच्या भयाने धावत आला आणि स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी मागोमाग आले आणि त्यांनी आपला ससा मागितला. शरण आलेल्यास मरणाच्या हाती देता येत नाही, हे स्वामींनी त्यांना समजावले, त्यांच्या मनातील हिंसा काढून टाकली, आणि ते गेल्यावर जानू उचलून त्या सशाला गौरवाने संबोधून निरोप दिला.

या सशाने काय केले होते? व्रत नाही, दान नाही, तीर्थ नाही. स्वामी कोण आहेत हे त्याला ठाऊक असण्याचाही संभव नाही. त्याच्यापाशी होते केवळ भय आणि धावणे. बरे, धावण्याने तो वाचला म्हणावे, तर तो त्याआधीही धावतच होता, आणि त्या धावण्याने तो कुत्र्यांच्या तोंडीच चालला होता. तेच पाय, तीच धाव. फरक पडला तो जानूमुळे. राखणे सर्वथा स्वामींचे. तरीही तो जानूखाली शिरला नसता तर लीळा घडली नसती, हेही विसरता येत नाही. धावण्याला किंमत नाही आणि धावण्यावाचून गत्यंतरही नाही, असे हे दोन्ही बाजूंनी धरावे लागते.

दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्ये तेराव्या-चौदाव्या शतकांत, म्हणजे इकडे श्रीनागदेवाचार्य आणि त्यांचे शिष्य पंथ सांभाळीत होते त्याच काळाच्या आसपास, या विषयावर दोन पक्ष झाले. एक पक्ष म्हणतो, माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, तसे जीवाने परमेश्वराला धरावे. दुसरा म्हणतो, मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाने काहीच करावयाचे नसते. वेदान्तदेशिक पहिल्या पक्षाचे आचार्य मानले जातात आणि पिळ्ळै लोकाचार्य दुसऱ्या. त्यांचा देव आपण देवतांत गणतो, तेव्हा त्यांचा सिद्धांत आपला होऊ शकत नाही. पण विचाराची धार पाहण्यासारखी आहे. मला विचाराल तर आपला ससा या दोहोंतही बसत नाही. त्याने स्वामींना पिल्लासारखे धरून ठेवले नाही, आणि तो काही न करता पडूनही राहिला नाही. तो खाली शिरला, इतकेच.

पश्चिमेकडे ख्रिस्ती लोकांतही हा वाद मोठा झाला. संत पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो असे मांडले. त्याचाच आधार घेऊन जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५१७ साली पापक्षमापत्रांच्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठविला. पैसे द्यावेत आणि परलोकीचा दंड कमी करून घ्यावा, असा तो व्यवहार होता. त्यावरून त्यांचे चर्च दुभंगले, लढाया झाल्या, आणि पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी, १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला, ऑग्सबर्ग येथे ल्यूथरपंथी जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून या विषयातील मूळ सिद्धांतांवर एकवाक्यता झाल्याचे जाहीर केले. कृपा आधी, सत्कृत्ये तिच्यामागून, असा त्याचा आशय. त्यांचा जीव एका जन्माचा आणि आपला असंख्य जन्मांचा; त्यांच्याकडे देवताफळांचा विचार नाही. तुलना येथेच थांबलेली बरी. परंतु परमेश्वराच्या दारात पावती घेऊन उभे राहण्याची खोड केवळ आपल्याच देशातील नाही, एवढे यावरून कळते.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील शरणागतीचा जो सहासष्टावा श्लोक आहे, त्याची शब्दरचना अभ्यासकांनी बारकाईने पाहावी. सोडावयास जे सांगितले आहे ते अधर्म नव्हेत, धर्म. वाईट कर्मे सोड असे म्हटले असते तर ते कोणीही सांगू शकला असता. श्रीकृष्ण चक्रवर्ती महाराज अर्जुनाला सांगतात की ज्या ज्या साधनावर तुझा भार आहे, ती सर्वच साधने बाजूला ठेव. मग क्रियापदे पाहा. शरण जाण्याचे क्रियापद आज्ञार्थी आहे, म्हणजे ते अर्जुनाने करावयाचे. मुक्त करण्याचे क्रियापद उत्तमपुरुषी, भविष्यकाळी आहे. त्याचा कर्ता परमेश्वर स्वतः. अर्जुनाने स्वतःला पापांतून सोडवावे असे श्लोकात कोठेही आलेले नाही. आणि शेवटी निषेध आहे तो कशाचा? शोकाचा. ज्याचा भार दुसऱ्याने उचलला त्याने शोक करणे म्हणजे उचलणाऱ्यावर अविश्वास दाखविणे.

अविश्वास हा शब्द येथे मुद्दाम वापरला. श्रद्धा म्हणजे काय, याविषयी आपल्यात एक चुकीची समजूत आहे. कर्म मोजता येते, तशी श्रद्धाही मोजता येईल असे अनेकांना वाटते. मग माझी श्रद्धा किती, अमक्याची किती, माझी अजून पुरी झाली नाही म्हणून देव प्रसन्न होत नाही, असे चालू होते. हा तर पुन्हा तोच मुकादम, नाव बदलून आलेला. जानूखाली शिरताना सशाने आपली श्रद्धा तोलून पाहिली नाही. त्याचे सर्व लक्ष जानूकडे होते, स्वतःकडे नव्हते. श्रद्धा हे आणखी एक साधन नव्हे. सर्व साधनांवरचा भार काढून तो परमेश्वरावर टाकणे एवढाच तिचा अर्थ.

फलटणच्या अवताराकडे वळू, कारण प्रश्न त्याच नामाशी अडला होता. श्रीचक्रपाणी महाराज फलटणला जनकनायकांच्या घरी अवतरले. पुढे घर सोडून मातापुरास गेले, तेथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी वाघाच्या रूपाने त्यांच्या मस्तकी चवडा ठेवला, आणि त्यानंतर ते द्वारावतीस राहिले. तेथे ते हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत, सुपात केर भरून तो गोमतीत टाकीत, आणि त्याच सुपाने, त्याच खराट्याने त्यांनी बावन्न पुरुषांना विद्यादान केले. त्या पुरुषांनी काय जोडले होते म्हणून हे घडले, याची याद परंपरेने दिलेली नाही. रस्त्यावर आपण चालत आहोत आणि झाडणाऱ्याचा खराटा आपल्या मस्तकी लागावा, यात चालणाऱ्याची काय कमाई?

जाणकार वाचक येथे मला अडवतील, आणि त्यांनी अडवावे. विद्या वेगळी आणि मोक्ष वेगळा. बावन्न पुरुषांस मिळाली ती विद्या. तिला मोक्ष म्हणता येणार नाही. हे मान्य आहे. मी ही लीळा मोक्षाचे प्रमाण म्हणून सांगत नाही. देणाऱ्याची रीत दाखविण्यासाठी सांगतो. जो विद्या देतानासुद्धा योग्यता तपासीत बसला नाही, तो मोक्ष देताना वही उघडील हे मनास पटत नाही. परमेश्वरास जीवोद्धरणाचे व्यसन आहे, असे आपले शास्त्र सांगते. व्यसनी मनुष्य किंमत विचारीत नाही.

मग आचार कशाला? हा प्रश्न तरुण भिक्षूंकडून हमखास येतो, आणि थोडासा आनंदाने येतो, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे. कृपेनेच होणार असेल तर पहाटे उठणे, भिक्षा मागणे, एका जागी न राहणे, हे सर्व कशासाठी? सर्वज्ञांनी आचारप्रकरण सांगितले ते काय उगाच?

याचे उत्तर माळेगावच्या शेतात सापडते. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर या भागासाठी नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ साली त्यात पाणी खेळू लागले. त्यापूर्वी ही जमीन पावसाकडे डोळे लावून बसणारी होती. आजचा ऊस आणि आजचा कारखाना हे त्या पाण्याचे देणे आहे. पाळी आली की शेतकरी रात्री-अपरात्री बॅटरी आणि फावडे घेऊन दारे धरायला जातो. चारी फोडतो, सरीत पाणी घेतो, एक सरी भरली की दार मोडून दुसरीकडे वळवितो. त्याच्या फावड्यातून पाण्याचा एक थेंब निघत नाही. पाणी वरून धरणातून येते, ते त्याच्या श्रमाचे फळ नव्हे. परंतु सऱ्या ओढलेल्या नसतील, दारे धरली नसतील, तर तेच पाणी बांध फोडून ओढ्याला जाते आणि ऊस कोरडा राहतो. दारे धरणाऱ्या शेतकऱ्यास तू पाणी निर्माण केलेस काय असे विचारले तर तो हसेल. आणि मग तू रात्रभर जागलास कशाला असे विचारले तरी तो हसेलच.

दार्ष्टांतिक: आचार म्हणजे सरी ओढणे. स्मरण म्हणजे दारे धरणे. ओलावा परमेश्वराचा. ज्याने सरीलाच पाणी समजले तो कर्मठ; पाणी येणारच आहे म्हणून ज्याने सरी मोडली तो स्वैर. पहिल्याचे शेत नीट आखलेले पण कोरडे, दुसऱ्याचे पाणी वाया. दुसऱ्याची निंदा आपण सर्वच करतो. पहिल्याचे मात्र कौतुक होते, आणि म्हणून त्याचा धोका मला अधिक वाटतो.

रामदेव दादोसांचे उदाहरण याच संदर्भात आठवते. मोठे तपस्वी, लोकांत मान्यता असलेले. महदाइसा आणि भटोबास यांच्यासारखी रत्ने ज्यांच्यामुळे स्वामींपर्यंत पोहोचली, त्यांची कमाई लहान कशी म्हणावी? पण स्वतःच्या गुरुपणाचा भार त्यांच्याने खाली ठेववला नाही. ज्यांना त्यांनी वाट दाखविली ते पुढे गेले. यावर मी अधिक लिहीत नाही. आपण सर्व उपदेश देणाऱ्यांनी तो भाग स्वतःच वाचावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सरी ओढणारे हातच गेले तर काय? शेतकऱ्याला दारे धरायला जाता येत नसेल तर? आतापर्यंतचा विचार त्याला लागू पडतो, ज्याला करता येते पण करण्यावर भार टाकू नये. ज्याला करताच येत नाही, त्याचे काय?

याचा विचार मी पुढे अनेक दिवस केला. मला असे दिसते की पदार्थांचा भेद येथे कामी येतो. स्मृती ज्यात साठते तो मेंदू, नाम ज्याने उच्चारावे ती जिव्हा, संख्या ज्याने मोजावी ती बोटे, हे सर्व प्रपंचातले आहे. पंचमहाभूते आणि त्रिगुण यांचा तो मेळ आहे आणि प्रपंच अनित्य आहे, हे आपण पहिल्या दिवशी शिकतो. जो आजार झाला तो प्रपंचाला झाला. जीव प्रपंच नव्हे. आणि परमेश्वराने जीवाला धरले आहे, त्याच्या मेंदूला धरलेले नाही. सूत्रे तोंडपाठ असलेला पंडित आणि तिसऱ्या नामाशी अडणारा म्हातारा यांच्यात जो भेद आपल्याला दिसतो, तो प्रपंचाच्या अवस्थेचा भेद आहे. शास्त्र जीवाकडून त्याच्या शक्तीइतके मागते. रोगाने शक्ती नेली, तेथे जे घडत नाही त्याला विस्मरण म्हणावे, पण त्याला अनाचार म्हणू नये. आळसाने नाम टाकणारा आणि आजाराने नाम हरवून रडणारा यांस एका तागडीत घालणे हा अन्याय होईल.

आणि रडणे हे तर विशेष लक्षात घ्यावे. त्या वृद्धास नाम आठवत नव्हते, पण नाम हरवले हे आठवत होते. कशाविषयी तळमळ आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याची तळमळ खोटी असते काय? आर्ती हे सशाचे धावणे होय. पंथाने गृहस्थाश्रमी उपदेशींना वासनिक हे नाव दिले, त्याचाही अर्थ पाहावा. ज्याच्या ठिकाणी या धर्माची वासना, म्हणजे ओढ, आहे तो वासनिक. अमुक इतके साधले म्हणून हे नाव मिळत नाही. ओढ आहे एवढ्यावर मिळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना यातील जेवढे झेपेल तेवढे सांगितले. ते एकदा समजले आणि घटकाभराने पुन्हा तोच प्रश्न आला; मी पुन्हा सांगितले. याच जन्मी त्यांना मोक्ष मिळेल असे मी म्हटले नाही. अनुसरण त्यांचे घडलेले नाही, आणि असे आश्वासन देण्याचा अधिकार कोणाही भिक्षूला नाही. परमेश्वर धरलेल्या जीवाला या जन्मी ना त्या जन्मी सोडीत नाही, आणि आपण विसरलो म्हणून तो विसरत नाही, एवढेच म्हटले. त्यांनी विचारले, "मग वह्या?" मी म्हटले, "नाना, वह्या तुमच्या आठवणीसाठी होत्या. देवाला त्या लागत नाहीत." यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. साठ वर्षांच्या कष्टांविषयी असे कोणी बोलले तर मला तरी कसे वाटले असते, असा विचार माझ्या मनात आला आणि मी जरा कठोर बोललो की काय असे वाटून राहिले.

सूनबाईंनी स्वयंपाकघरातून हे सर्व ऐकले होते. मी एकटा असताना त्या आल्या आणि त्यांनी विचारले, "बाबा, आबांच्या वाटचं नाम मी घेतलं तर त्यांच्या खात्यावर धरलं जाईल का?" त्यांच्या डोळ्यांत एवढी कळकळ होती की क्षणभर होय म्हणावेसे वाटले. पण ज्या खात्यातून सासऱ्यास सोडवावयाचे, त्याच खात्यात सुनेला घालणे मला बरे वाटले नाही. मी म्हटले, "ताई, खात्यावर नको. त्यांच्याजवळ बसून, त्यांना ऐकू जाईल असे घ्या. तुमचे स्वतःचे म्हणून घ्या. ते अडले तर पुढचे सांगा, आणि नाही म्हणाले तरी रागावू नका. मोजू मात्र नका."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो तेव्हा दोघेही ओट्यावर बसले होते. सूनबाई नाम घेत होत्या आणि म्हातारे ऐकत होते. तिसऱ्या नामाशी त्या थांबल्या. म्हाताऱ्यांचे ओठ हलले, नाम आले नाही. मग त्यांनी हात उचलला आणि उसाच्या फडांपलीकडे, नीरेच्या अंगाला, फलटणकडे दाखविले.